तारखेच्या दिवशीचे पोहे

आंबिवलीच्या त्या चाळीत कुणाला पोलिसांनी उचललं की घरचे लोक वकिलाआधी दगडूकाकांकडे धावत. वकील पैसे टाकले की मिळतो. जामीनदार मिळणं कठीण. ज्याचं पक्कं घर स्वतःच्या नावावर आहे, अशा माणसाने कोर्टात उभं राहून 'हा आला नाही तर मला धरा' असं सांगावं लागतं, आणि ती वेळ आली की सख्ख्या भावालाही गावाकडचं काम आठवतं. काका पालिकेच्या पाणीखात्यात पाणी सोडणारे चावीवाले होते, आता पेन्शनवर. घर सरळ त्यांच्या नावावर. तरुणपणी त्यांचा धाकटा भाऊ एका फालतू मारामारीत आत गेला होता. जामीन मंजूर होऊनही तो आतच राहिला, कारण काकांच्या नावावर तेव्हा घर नव्हतं आणि सही करायला दुसरं कुणी पुढे आलं नाही. ती सल काकांच्या मनातून कधी गेली नाही.

पण काका भोळे नव्हते. त्यांची एक अट असे. ज्याला जामीन राहिलो त्याने प्रत्येक तारखेला सकाळी आधी घरी यायचं, समोर बसून पोहे खायचे आणि काकांच्याच स्कूटरवर बसून कल्याण कोर्टात जायचं. पोटात रमाबाईंचे पोहे असलेला माणूस पळत नाही, असं त्यांचं ठाम मत. लोक हसत, पण खरंच कुणी पळालं नव्हतं. चेक न वटलेला दुकानदार नाही, भिशी बुडवून दिवाळं वाजलेला शिंपीही नाही. रमाबाई, म्हणजे काकांच्या पत्नी, कुरकुरत, "आपल्याकडे पाहुण्यांपेक्षा आरोपीच जास्त जेवतात," आणि कांदा चिरायला घेत.

मग प्रेमचं प्रकरण झालं. प्रेम त्याच चाळीतल्या हौसाबाईंचा एकुलता एक मुलगा, डेकोरेटरचा टेम्पो चालवायचा. एका रविवारी दुपारी बारशाच्या मंडपाचं सामान पोचवून, वर यजमानाची दारू रिचवून तो परत येत होता. बाजाराच्या वळणावर टेम्पो कडेला चढला आणि भाजी घेत उभ्या असलेल्या रमाबाईंचा पाय मोडला. ज्या बाईने त्याला लहानपणी मांडीवर खेळवलं होतं, तिचाच. रक्ताच्या तपासणीत दारू सापडली, त्यामुळे नाही म्हणायची सोयच उरली नाही.

कोर्टाने जामीन दिला, पण जामीनदार आणा म्हणून सांगितलं. हौसाबाई काकांच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना उंबरा ओलांडवेना.

"दगडूभाऊ, कुठल्या तोंडाने बोलू?" एवढंच त्या म्हणाल्या.

"सडू दे त्याला आत!" काका ओरडले. एवढे संतापलेले काका चाळीने कधी पाहिले नव्हते. आणि का संतापू नये? पायात रॉड घालून त्यांची बायको समोरच्या कॉटवर पडली होती.

तिथूनच रमाबाई बोलल्या. "हौसा, आत ये. बस." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, तुमच्या भावाच्या वेळी लोक काय बोललेले? हेच ना?"

काकांनी कपाटातून घराचे कागद काढले आणि कॉटवर आपटले.

रमाबाईंच्या भरपाईचा दावा ठाण्यात वकील समीक्षा चालवत होती. काका प्रेमला जामीन राहणार हे फोनवर ऐकून तिने कपाळाला हात लावला असणार. "काका, कायद्याने दोन्ही वेगळं आहे. कल्याणला त्याची केस, ठाण्याला काकूंचा दावा. पण मांडवली झाली असं लोक बोलतील हां."

रमाबाईंनी फोन मागून घेतला. "बोलू दे लोकांना. दावा नाय सोडणार मी. जामीन वेगळा, माझा पाय वेगळा."

काकांनी सही केली. मनापासून केली असं मी म्हणणार नाही.

पहिली तारीख आली. रमाबाईंनी खुर्चीत बसून सांगितलं तसे काकांनी स्वतः पोहे केले. पोहे गार झाले, प्रेमचा पत्ता नाही. फोन बंद. हौसाबाई धावत आल्या, म्हणाल्या, तो कधीच इस्त्रीचा शर्ट घालून निघालाय. काका स्कूटरची चावी मुठीत धरून बसले. कोर्टात नाव पुकारणार, प्रेम नसणार, वॉरंट निघणार. इतकी वर्षं ज्या शब्दावर माणसं सुटून घरी आली, तो शब्द आज मातीला मिळणार.

"तरी मी सांगत होतो," ते म्हणाले.

रमाबाईंनी वॉकर ओढून घेतला. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी दार ओलांडलं नव्हतं. दात आवळत, कठड्याला टेकत त्या गॅलरीच्या टोकापर्यंत गेल्या आणि जिन्यात डोकावल्या. वळणावर प्रेम बसला होता, गुडघ्यात डोकं घालून. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"प्रेम."

तो धडपडत उठला. "मावशी, मी येतच होतो. वर आलेलो पण. आतून वॉकरचा आवाज आला ना, की पायच उचलत नव्हता."

"माझा तर खरंच उचलत नाही," रमाबाई म्हणाल्या. "तरी मी इथपर्यंत आले. चल वर."

तो आला. रमाबाईंनी मोडका पाय स्टुलावर ठेवला, मुद्दाम त्याच्यासमोर. प्रेम ताटलीतून नजर काढेना.

"मान वर कर. आज ना उद्या कोर्टात विचारतील, प्यायलेलास का. आधी मला सांग."

त्याने घास गिळला आणि मान वर केली.

"प्यायलेलो, मावशी."

"बरं. आता ते संपव, उशीर होतोय."

खाली जाऊन काकांनी स्कूटरची मागची सीट फडक्याने पुसली आणि प्रेमला बसायची खूण केली.

स्कूटरचा आवाज लांब गेल्यावर रमाबाईंना रडू आलं. एवढा वेळ दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. शेजारी हौसाबाईही रडत होत्या. मग रमाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि प्रेमची ताटली त्यांच्याकडे सरकवली.

"ही घास, हौसा. आणि पुढच्या तारखेला पोहे तू करून आण. मला अजून उभं राहता येत नाही."