दुरुस्तीचं हळदीकुंकू

संक्रांत ते रथसप्तमी आमच्या सोसायटीत हळदीकुंकवाची नुसती धांदल. वाण म्हणून हल्ली स्टीलची वाटी दिली तर बायका नाक मुरडतात. फॅशन आहे चार्जिंगच्या वस्तूंची. पिटुकला हातपंखा, टाळी वाजवली की लागणारा दिवा, ताक घुसळायची बॅटरीवरची रवी. रविवार कारंज्याच्या बाजारात घाऊकात स्वस्त मिळतात, दिसतात गोंडस, आणि होळीच्या आत राम म्हणतात.

मागच्या वर्षी ही सगळी वरात घंटागाडीत टाकताना माझं टाळकंच फिरलं. यापुढे असलं काही घरात आणायचं नाही, असा नेमच केला. पण वाणाला नाही कसं म्हणणार? यंदा पहिल्याच घरी मी पंखा हळूच ताटात परत ठेवला, तर शेजारच्या वहिनींचा चेहरा एवढासा झाला. "आमचं वाण नको का झालं?" असं चारचौघींत विचारलं त्यांनी. मी मुकाट्याने पंखा पर्समध्ये टाकला.

घरी येऊन नवऱ्यावर चिडचिड केली. तो म्हणाला, "अगं, मग आपल्या घरी तू वेगळं वाण दे की." हा गृहस्थ रिटायर झाल्यापासून दिवसभर काही ना काही खोलून बसलेला असतो. माझी ट्यूब पेटली. वाण म्हणून यालाच बसवायचं!

सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, बंद पडलेली वस्तू घेऊन हळदीकुंकवाला या, दुरुस्ती हेच वाण. खाली नुसते हसण्याचे इमोजी. कुणीच आलं नाही तर? फजिती झाली असती, तर पुढच्या वर्षी मीही निमूट पंखेच वाटले असते. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

पण आल्या! एरवी या दिवशी घराबाहेर पिटाळला जाणारा माझा नवरा सोल्डरिंग गन घेऊन काळ्या साड्यांच्या गराड्यात बसला. निम्म्या वस्तू काही जगल्या नाहीत, पण हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. वहिनीसुद्धा दोन दिवे घेऊन आल्या होत्या.

सगळं आवरत आलं तेव्हा बेल वाजली. दारात तळमजल्यावरच्या काकू. काका गेल्यापासून त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, मीसुद्धा नाही. हातातला टॉर्च पुढे करत त्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "ग्रुपवर वाचलं गं. हळदीकुंकू नको, नुसती दुरुस्ती."

मी हात धरून त्यांना आत ओढलं आणि आधी कुंकू लावलं. मग वहिनी सोफ्यावर सरकल्या आणि म्हणाल्या, "काकू, इकडे बसा."

टॉर्च काही केल्या लागला नाही. काकू मात्र सगळ्यांत शेवटी उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मिक्सर आणू का? तसा चालू आहे तो, पण तोवर बिघडेल की."

मला रडूच फुटलं. "नाही बिघडला तरी या," एवढंच कसंबसं म्हटलं. पंखे वाटून नेम मोडायची सोय आता माझ्याकडे उरलेली नाही.