पाय धुऊन मळ्यात

हरीकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसर स्टेशनाबाहेरच्या टपरीवर विड्याची पानं घेत होतो. बोईसरजवळच्या माहीम गावचा पिढीजात पानमळेवाला मी, आणि विकतची पानं घेत होतो... तीही हरीकाकांसाठीच. काकींचा आवाज शांत होता. "दिनू, काका गेले रे. सावकाश ये, आता घाई नाय." टपरीवाला विचारत राहिला, "भैया, और कुछ?" मी पानांची पुडी तशीच खिशात घातली. याला आता दीड महिना झाला.

हरीकाका नात्याने माझे कोणी नव्हते. त्यांचा मळा आणि माझा मळा यांच्यात एक कुंपण होतं, तेवढंच. ते बोईसरच्या कारखान्यात पाळी करायचे आणि घरी आले की चहाच्या आधी मळ्यात जायचे. वडिलांमागे मळा माझ्या गळ्यात पडला तेव्हा मला पाठीला पंप लावून औषध मारण्यापलीकडे काही येत नव्हतं. असाच एकदा फवारत होतो, तर काका कुंपण ओलांडून आले, ओलं पान खुडलं आणि माझ्यापुढे धरलं. "खा." मी हात मागे घेतला. "अरे, भाजी लोक धुतात, शिजवतात. पान सरळ तोंडात जातं. तुला खावत नाय, ते लोकांना कशाला देतो?" त्या दिवशी पंप माळ्यावर गेला.

मग त्यांनी मला अक्षरशः पिळून काढलं. रोज सकाळी पान उलटून मागची बाजू बघायची, कीड दिसली तर तेवढी पानं खुडून जाळायची, अगदीच हाताबाहेर गेलं तर कडुनिंबाचं तेल. वेलाच्या बुडातलं तण हाताने काढायचं, पण बांधावरचं ठेवायचं, कारण मावा खाणारे किडे तिथे राहतात. मी एकदा उत्साहाने बांध चकाचक केला तर म्हणाले, "पाहुण्यांचं घर मोडलंस. आता जेवायला कोण येल?" माणूस खडूस होता. कौतुक म्हणून कधी तोंडातून निघालं नाही.

पानमळ्यात चपला घालून जायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. वेल पवित्र, म्हणून. काका देवाधर्माच्या फारसे वाटेला जायचे नाहीत, पण या रीतीपुढे ते कोणाचं ऐकत नसत. वेलांची मर, म्हणजे बुडापासून कुजवणारा रोग, मातीतून येते, पायांना चिकटून एका मळ्यातून दुसऱ्यात जाते, हे त्यांनी आळीतल्या प्रत्येकाच्या डोक्यात भरवलं होतं. प्रत्येक मळ्याच्या तोंडाशी त्यांनी दगड आणि पाण्याची बादली ठेवायला लावली. एकदा शेतकी खात्याचे साहेब आले, त्यांनाही दारात उभं केलं. "साहेब, बूट बाहेर, पाय धुवा. रोगाला हुद्दा कळत नाय."

गेल्या वर्षी ते विसरायला लागले. मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारायचे. श्रावणातल्या एका ओल्या सकाळी मी विहिरीपाशी होतो. पलीकडच्या एका मळ्यात मर लागली होती, तिथून काका निघाले आणि सरळ माझ्या मळ्यात शिरले. पायांत चपला, चपलांना चिखल. मी ओरडायला हवं होतं. पण ज्या माणसाने साहेबाला दारात थांबवलं, त्याला मी कोणत्या तोंडाने सांगणार, काका, चपला? मी विहिरीपाशीच उभा राहिलो. ते मधल्या ओळीत उभे राहिले, एक पान उलटून बघितलं आणि म्हणाले, "छान हाय. कीड नाय."

तीन आठवड्यांत तीच ओळ पिवळी पडली, मग बुडं काळी पडून कुजली. त्यांनीच शिकवलेलं सगळं करून पाहिलं. रोगट वेल उपटून जाळले, पाण्याला चर काढले. दिवाळीपर्यंत मळा संपला. पावसाच्या पाण्यानेही रोग आला असेल, असं मी स्वतःला सांगतो. पण पहिला वेल मेला तो ते उभे होते तिथलाच.

तोवर काकांनी अंथरूण धरलं होतं. मी आठवड्याला जायचो. "मळा कसा हाय?" "बरा आहे, काका." "पान आणलं?" गावात घेतलं तर बोभाटा होऊन काकांच्या कानावर जाईल, म्हणून बोईसरहून आणायचो. ते पान हातात घेऊन उलटून बघायचे आणि उशाखाली ठेवायचे. माझ्यासमोर त्यांनी एकही खाल्लं नाही. आपण म्हाताऱ्याला छान फसवतोय, असं मला वाटायचं.

परवा काकींकडे बसलो होतो. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "तुझी फटफटी वाजली का माज्या मागे लागायचे, पाय धू माजे. आंथरुणातल्या माणसाचे पाय कशाला मळतात? पण धुतल्याशिवाय तुला आत घेऊ द्यायचे नाय. काय ते येड, मला नाय कळलं."

मला कळलं. पान उलटून बघताच ते माझ्या मळ्यातलं नाही हे त्यांनी ओळखलं होतं, आणि माझा मळा कोणाच्या पायांनी गेला तेही. मी खरं बोललो असतो, तर काय बोलायचं ते त्यांना बोलता तरी आलं असतं. ते माझी वाट बघत, धुतलेले पाय चादरीबाहेर काढून पडून असायचे... आणि मी मळा बरा आहे म्हणून निघून यायचो.