हाडवळे सरांची फ्रेंच

राजुरीच्या हौशीराम हाडवळे सरांनी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत इंग्रजी बोलणाऱ्या एकाही माणसाशी त्यांचं बोलणं झालं नाही. तशी वेळच आली नाही. राजुरीत येऊन गोरा माणूस करणार काय? सर धडा उघडायचे, ओळीओळीचा अर्थ सांगायचे, पोरं तो वहीत उतरवायची आणि मार्चमध्ये निम्मी पोरं इंग्रजीतच आपटायची. त्याचं खापर सर खुशाल पोरांच्या डोक्यावर फोडायचे. तरी जुन्नर-आंबेगावात त्यांच्या इंग्रजीचा दबदबा होता. कोर्टाची नोटीस असो की पाण्याच्या मोटारीचं माहितीपत्रक, लोक कागद घेऊन सरांच्याच ओट्यावर यायचे.

सर रिटायर झाले आणि दोन वर्षांनी, २००४ च्या दिवाळीत, सरपंच सावळेराम बातमी घेऊन आला. एका वाईनच्या कारखान्याला गावाची द्राक्षं हवी होती. फेब्रुवारीत फ्रान्सचा तज्ज्ञ येऊन बागा बघणार आणि त्याला पटलं तरच करार होणार.

"पर त्याच्यासंगं बोलायचं कुनी?" सावळेराम म्हणाला आणि सरांकडे बघत राहिला.

सरांनी चष्मा पुसला. "फ्रेंच म्हणजे इंग्रजीची चुलतबहीण. तीन महिने द्या मला."

"आदी घरातल्यांशी धड बोलायला शिका," ठकूबाई चहाचे कप ठेवत म्हणाल्या. बत्तीस वर्षं संसार केल्यावर बायकोला एवढा अधिकार असतोच.

आळेफाट्याला तय्यबचं सायबर कॅफे होतं. प्लायवूडच्या खोपट्यांना पडदे लावलेले, आणि त्या पडद्यांआड कॉलेजची पोरं जे बघायची ते वडीलधाऱ्यांपुढे बोलण्यासारखं नव्हतं. सर आत शिरले की सगळी खोपटी पाच मिनिटांत रिकामी व्हायची. तय्यबला सरांनीच नववीत दोनदा इंग्रजीत नापास केलेलं. पण तो उठून उभा राहिला, त्यानं खुर्ची पुसली आणि सरांना हवं ते शोधून दिलं. इंटरनेटवर फ्रेंच शिकवणाऱ्या डझनभर जागा निघाल्या, त्याही फुकट, आणि सगळ्या 'इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी'.

"म्हणजे आपल्यासाठीच की!" सर खूश झाले.

त्यांनी धडे छापून घेतले आणि घरी नेऊन लाल पेनानं तपासले. शिकायला गेलेला माणूस तपासायला बसला! तिसऱ्या धड्यात त्यांना इंग्रजीच्या चार चुका सापडल्या. दहापैकी सहा मार्क देऊन त्यांनी चुकांची यादी धडे लिहिणाऱ्या बाईंना तय्यबकरवी ईमेलनं पाठवली. बाई कॅनडाच्या. त्यांचं आभाराचं गोड उत्तर आलं, पण धडा होता तसाच राहिला. "ढ आहे," सरांनी निकाल दिला. डिसेंबर उजाडला तरी सरांना फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता.

मग तय्यबनं त्यांच्या कानाला हेडफोन लावला. एक बाई भराभर बोलू लागली. सरांनी डोळे मिटून ऐकलं, आवाज वाढवून ऐकलं, आणि शेवटी हेडफोन काढून ठेवला.

"बिघडलाय हा."

तय्यबनं कानाला लावून बघितला. "चांगला हाय की, सर. बाई म्हनती, मी बोलल्यावर तुमी माज्यामागनं म्हना."

"हे तिनं फ्रेंचमध्ये सांगितलं?"

"न्हाई सर," तय्यब चाचरला. "आजून फ्रेंच सुरूच न्हाई झाली. ही इंग्रजीच हाय."

तय्यब केबलवर इंग्रजी पिक्चर बघून तयार झाला होता. सर उठले आणि दोन आठवडे फाट्याकडे फिरकले नाहीत. ओट्यावर बसून राहायचे. कुणी कागद घेऊन आलं तर डोकं दुखतंय म्हणायचे. खरं दुखत होतं ते वेगळंच. ज्या भाषेवर एकतीस वर्षं पगार घेतला, मान घेतला, पोरांच्या हातावर छड्या ओढल्या, ती कानावर पडली तर आपल्याला ओळखूसुद्धा येत नाही, याची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती.

पण फेब्रुवारी काही थांबणार नव्हता. एके सकाळी कॅफे उघडताना सर दारात हजर. तय्यबनं पुन्हा खुर्ची पुसली. बाई इंग्रजीत काय म्हणते ते तो मराठीत सांगायचा आणि सर मागून फ्रेंच म्हणायचे. नववीत आपटलेला विद्यार्थी मास्तरांना इंग्रजी समजावत होता, आणि याबद्दल तो कुणाकडे चकार शब्द बोलला नाही. माणूस भला, दुसरं काय!

पाहुणा आला तेव्हा सावळेरामच्या बागेत साठ-सत्तर माणसं जमली होती. निम्मी सरांच्या हाताखालून गेलेली. सरांनी फ्रेंच स्वागत घडाघडा म्हणून टाकलं. पाहुण्यानं मान तिरकी करून ऐकलं, चेहरा कोराच ठेवला, आणि हळूच इंग्रजीत विचारलं, "आपल्याला इंग्रजी येतं का?"

सरांना तो हेडफोनच आठवला. पण वाक्य समजलं होतं! पाहुण्याची इंग्रजीही पुस्तकातून शिकलेली होती. एकेक शब्द सुटा, मध्ये थांबत, अगदी सरांसारखी. पाणी जास्त होतंय. घडांवर ऊन येऊ द्या. पानं काढा. सर विचारत होते, पाहुणा सांगत होता, सर मराठीत उलगडत होते. असा तासभर गेला. बागा पसंत पडल्या.

"मास्तर काय फाडफाड फ्रेंच बोलत्यात राव!" मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. सावळेरामनं हार घातला आणि सरांच्या फ्रेंचवर भाषण ठोकलं.

मागे तय्यब खाली बघत उभा होता. तो सांगणार नाही हे सरांना ठाऊक होतं. गप्प बसले असते तर तालुक्यात जन्मभर नाव झालं असतं. पण जातिवंत मास्तर तो, त्याला चूक ऐकवत नाही.

"अरे गाढवांनो," सर कडाडले, "फ्रेंच कसली? ही इंग्रजी व्हती! एकतीस वरसं दुसरं काय शिकवलं मी तुमाला?"

बागेतली हसरी तोंडं खाली झाली. सावळेराम सरांच्या पहिल्या तुकडीतला. तो खाली मान घालून, अगदी अदबीनं म्हणाला, "पर सर, तुमी वर्गात इंग्रजी कदी बोललाच न्हाई. आमी वळखनार कशी?"

गळ्यातला हार सरांनी काढून हातात घेतला. हार का उतरवला ते पाहुण्याला कळेना. ही माणसं काय म्हणतात, असं त्यानं सरांनाच विचारलं.

थाप मारली असती तर तय्यबशिवाय कुणाला कळणार होतं? पण त्याच आपल्या सुट्या सुट्या इंग्रजीत सरांनी पाहुण्याला खरं तेच सांगितलं, "हे माझे विद्यार्थी. त्यांनी माझं इंग्रजी आज पहिल्यांदा ऐकलं."