परातीखालची चुंबळ

अन्याय कावेराबाईंवर झाला. दोन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी अकरा वाजता, शिरड शहापूरच्या आमच्या घरात. करणारी मी. कावेराबाई म्हणजे माझी आई.

कॉलेजपासून पत्रकं लिहायची सवय आहे, म्हणून आरोपीचं नाव आधी सांगून टाकलं. आता हकीकत ऐका.

आईच्या डाव्या अंगाला लकवा मारला होता. दवाखान्यातून घरी आली तेव्हा डावा हात लुळा, डावा पाय ओढत चालायची. वाचा शाबूत, डोकं शाबूत, उजवा हात तर ठणठणीत. त्या सकाळी मी पुण्याला परत निघाले होते. आमच्या घरातून कुणीही बाहेरगावी निघालं की आई दशम्या करून देते. दुधात मळलेल्या ज्वारीच्या भाकरी, दोन-तीन दिवस टिकतात. मी पहिल्यांदा पुण्याला शिकायला गेले तेव्हा होस्टेलवर तिसऱ्या दिवशीही तिची दशमी खाल्ली होती आणि रडले होते. तर त्या दिवशीही आई उठली, पाय ओढत चुलीपाशी जाऊन बसली आणि उजव्या हातानं परात पुढं ओढली. मळायला लागली तशी परात घसरली. धरायला दुसरा हात नाही. पीठ सांडलं. मी धावले, परात उचलली आणि म्हणाले, "तू आता काही करायचं न्हाई. लय केलंस जन्मभर. बस."

सगळ्यांचे डोळे भरून आले. शेजारच्या गोदाकाकू दारातून म्हणाल्या, "लेक असावी तर अशी!" मलाही ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दोन दिवसांसाठी आलेल्या लेकीला सेवा दाखवायची फार घाई असते.

आता माझा धंदा काय, ते ऐका. मी व्यवसायोपचार करते. आजारानं, अपघातानं माणसाचं रोजचं काम सुटलं की ते त्याला पुन्हा करता यावं म्हणून खटपट करायची. गावात मला 'हातपाय हलवायची डॉक्टरीण' म्हणतात. पुण्यातल्या आमच्या केंद्रात येणाऱ्या प्रत्येक घराला मी एक पत्रक देते. मथळा माझाच: 'आजारी माणसाच्या हातातलं काम काढून घेऊ नका.' औंढ्याच्या बाजारातही उन्हात उभं राहून मी ते वाटलंय. आणि घरी येऊन परात हिसकावली.

वर्षानं केंद्रानं मला नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला पाठवायचं ठरवलं. विमान हैदराबादहून होतं, म्हणून आधी घरी आले. निघताना आई ओसरीवर खाटेवर बसली होती. रेखावैनीनं पोळ्या, शेंगदाण्याची चटणी असा चांगला डबा भरून दिला. तो माझ्या हातात बघून आई म्हणाली, "दशम्या न्हाईत गं या बारीला." आणि भिंतीकडं तोंड केलं. मी पाया पडले तशी म्हणाली, "जाय. मी हाये हितंच. मला कुठं जायचंय?"

भावानं मोटारसायकलवर वारंगा फाट्याला सोडलं. बसची वाट बघताना मी विचारलं, "आई दिवसभर काय करते रे?"

"काय करनार? बसून राहती. आमी तिला पान्याचा तांब्यासुद्धा उचलू देत न्हाई." त्यानं हे अभिमानानं सांगितलं. मी म्हणाले, "बराबर." त्या 'बराबर'ची आजही लाज वाटते.

नैरोबीत गळ्यात ओळखपत्र घालून मी माझ्या पोस्टरसमोर उभी होते. लकव्यानंतरचं स्वयंपाकघर, हा माझा विषय. केंद्रातल्या बायांचे फोटो, इंग्रजीत माझा तोच मथळा. शेजारच्या टेबलावर तिथलीच वांजिरू नावाची वयस्कर बाई होती. तिच्यापुढं लाकडाची एक चौकट. तिकडं मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा रोज लागतो आणि तो घोटताना भांडं धरावं लागतं. एका हातानं घोटणाऱ्या बायांसाठी ही चौकट भांडं धरून ठेवते. मी म्हटलं, आमच्याकडं परात अशीच घसरते. आईचं सांगितलं.

"मग आता ती काय करते?" वांजिरूनं विचारलं.

"काही नाही. आम्ही तिला काहीच करू देत नाही."

"असं करायला कुणी सांगितलं?"

डॉक्टरनं, भावानं, गावानं, अशी उत्तरं जिभेवर आली. पण मागं पोस्टर टांगलेलं होतं. मी म्हणाले, "मी." तिनं चौकट माझ्या हातात दिली, बघायला.

जेवणाच्या सुट्टीत मी घरी फोन लावला. "वैनी, उद्यापासून आईसमोर परात ठेवा."

वैनी म्हणाली, "ताई, काही करू द्यायचं न्हाई म्हनून तुमीच सांगून गेल्ता. आता मी परात ठेवली तर गोदाकाकू काय म्हनतील? सुनेनं लकव्याच्या सासूला कामाला जुंपलं! तुमी जाता पुण्याला निघून. मला ह्याच गल्लीत राहायचंय."

यावर माझ्याकडं पत्रक नव्हतं. तिचं खरं होतं. म्हणाले, "मीच येते. मीच ठेवते."

हैदराबादला उतरले ती पुण्याला गेलेच नाही, थेट गावी आले. परिषदेच्या प्रदर्शनातून रबराची एक चटई आणली होती, न घसरणारी. गुळगुळीत ओट्यावर उत्तम चालते म्हणे. आमच्या शहाबादी फरशीच्या खाचखळग्यांवर ती परातीसकट सरकायला लागली. मी दाबून बघतेय, उलटी करून बघतेय. आई शांतपणे बघत होती.

"हे काय आनलंस? ती चुंबळ दे इकडं."

डोक्यावर घागर घेताना खाली ठेवायची कापडाची गोल वळी, ती चुंबळ. खुंटीला तशीच टांगलेली होती. आईनं ती पाण्यात भिजवली, फरशीवर ठेवली, वर परात दाबून बसवली आणि उजव्या हातानं मळायला लागली. परात हलली नाही.

"आई, काहून सांगितलं न्हाईस वर्षभर?"

"इचारलं कोनी?"

पहिली दशमी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटकी झाली. तव्यावर टाकायला वैनीनं हात पुढं केला आणि मागं घेतला. आईनंच टाकली. तेवढ्यात गोदाकाकू दारात. "विमानात बसून शिकून आलीस अन् आईला भाकरी थापायला लावून राहिली व्हय गं?"

मी म्हणाले, "काकू, परात मी ठेवलीय. वैनीनं न्हाई. बोलायचं ते मला बोला." आणि पुढचं भाषण सुरू करणार, तोच आई म्हणाली, "गोदे, बस. खाऊन बघ, मंग बोल."

गोदाकाकूंनी तुकडा मोडला, चावला, तोंड वाकडं केलं. "मीठ कमी हाये."

"उद्या घालते," आई म्हणाली.

उद्या! वर्षभरात तिच्या तोंडी हा शब्द मी ऐकला नव्हता. वैनी तोंडाला पदर लावून हसत होती आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं ते आजतागायत परत चढलेलं नाही.

पुण्यात आता माझी खोली आहे, चहाचं रोजचं ठरलेलं दुकान आहे, मराठीही पुष्कळशी पुणेरी झाली आहे. पूर्वी घर म्हणजे मला बसवून खाऊ घालणारी जागा. परवा बसमधून उतरून दारात उभी राहिले, तर आईनं मानही वर केली नाही. "थांब गं, पीठ मळून राहिले." मी बॅग घेऊन पायरीवर बसले. इतकं हलकं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं. मला ताटकळत ठेवण्याइतकं काम आईच्या हाताला आहे, ते माझं घर.

तुम्ही, जे माझ्यासारखे गाव सोडून गेलात, पुण्याला असा नाहीतर दुबईला, तुमच्याकडं मागणी एकच आहे. आज घरी फोन लावा. 'जेवलीस का' विचारू नका, 'आज काय केलंस' ते विचारा. 'काही न्हाई, बसून हाये' असं उत्तर आलं, तर तिच्या हातातून काय काढून घेतलंत ते आठवा. पुढच्या खेपेला ते वैनीकरवी देऊ नका. स्वतःच्या हातानं, सगळ्या गल्लीदेखत परत द्या. आणि देताना कसं करायचं ते तिलाच विचारा.