आत्याच्या गाडीची किल्ली

आमच्या आत्याने उभ्या आयुष्यात फक्त एकाच गोष्टीचं ऐकलं, ते म्हणजे दुसऱ्याच्या श्वासाचं. वडीलधारे, वरिष्ठ, पोलीस, हवामान खातं आणि स्वतःची मान, यांपैकी कुणाचंही ऐकायचा तिला सराव नव्हता. साठच्या दशकात ती एकटी ग्लासगोला आली, भुलीची डॉक्टर झाली आणि निवृत्त होईपर्यंत एका मोठ्या हॉस्पिटलात पेशंटच्या उशाशी स्टुलावर बसून त्यांचे श्वास ऐकत राहिली. लग्न केलं नाही. का नाही, असं माझ्या आईने एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाली, "वहिनी, दिवसभर झोपलेल्या माणसांवर लक्ष ठेवते. घरी आणखी एक कशाला?" सर्जन मंडळींबद्दल तिचं मत बेताचंच होतं. कुणी एखाद्या सर्जनची तारीफ केली की चष्म्यावरून बघत म्हणायची, "कापलं त्याने. परत उठवला कुणी?"

निवृत्त होताना हॉस्पिटलने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तिने तिथून आणखी दोन गोष्टी आपणहून आणल्या. एक म्हणजे ऑपरेशन थिएटरातले पांढरे लाकडी तळाचे बूट. ते ती गणपतीच्या आरतीलासुद्धा घालून यायची, त्यामुळे आरती चालू असताना दारातून टकटक आवाज आला की लोक मागे न बघता वाट करून देत. दुसरी गोष्ट म्हणजे खोडायची सवय. पेशंटच्या कागदावर कुणी चुकीचं औषध लिहिलं तर ते एका रेघेने खोडायचं, शेजारी आपली आद्याक्षरं टाकायची, हा तिथला रिवाज. आत्याने तो साऱ्या जगाला लागू केला. एकदा तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलं होतं, अध्यक्षांचं भाषण, तीस मिनिटं. आत्याने तीस खोडून पाच केलं, सही केली आणि पत्रिका अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवली. अध्यक्ष स्वतः हृदयरोगतज्ज्ञ, हाताखाली दहा माणसं. साडेचार मिनिटांत खाली बसले.

तिची गाडी होती मरून रंगाची, लांबलचक, जुनी. त्या गाडीत रेडिओ कधी लागला नाही, कारण आत्या इंजिन ऐकायची. चढावर मध्येच म्हणायची, "दम लागलाय हिला," आणि गिअर बदलायची. पुढे जाण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. अडचण मागे जाण्याची होती. सत्तरीत मान वळेनाशी झाली आणि रिव्हर्स घेताना ती निव्वळ कानांच्या भरवशावर जाऊ लागली. "कळतं कसं तुला?" मी विचारलं. "लागलं की थांबते," ती म्हणाली. असं थांबता थांबता शेजाऱ्यांचा गुलाब, लायब्ररीबाहेरचा खांब आणि चर्चच्या पाद्रीबुवांची भिंतीला टेकवलेली सायकल एवढं झालं. लायसन्सचं म्हणाल तर सत्तरीनंतर आपण ठणठणीत आहोत असं इथे आपणच लिहून द्यायचं असतं. आत्याने ते आनंदाने लिहून दिलं. "डॉक्टर आहे मी. मीच मला तपासलं."

सायकलीची बातमी पुण्यापर्यंत पोचली. माझे वडील म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, तिचा दादा. तिने मॅट्रिकनंतर घरी बसावं, मग मुंबईला जाऊ नये, मग विलायतेला तर मुळीच जाऊ नये, असं त्यांनी वेळोवेळी बजावलं होतं आणि प्रत्येक वेळी तिला सोडायला तेच स्टेशनावर किंवा विमानतळावर गेले होते. त्यांचं निळं एरोग्राम मला लंडनला, एजवेअरच्या घरी आलं. "तिच्या हातून कुणाला काही व्हायच्या आत गाडीची किल्ली ताब्यात घे. मंडळाच्या सहलीला जा. चार लोकांत ती नाही म्हणायची नाही." शेवटच्या वाक्यावरून वडिलांनी आपल्या बहिणीला किती कमी ओळखलं होतं ते कळतं. आणि माझी निवड करण्यावरून मुलालाही. मी कौन्सिलात, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोकरीला. लोकांच्या हरकती नम्रपणे ऐकून घेणं आणि पुढे काहीही न करणं यात माझी पंधरा वर्षं गेलेली. निघताना आमची ही म्हणाली, "किल्ली आणणार तू? तिने तुझीच काढून घेतली नाही म्हणजे मिळवली."

मंडळाच्या चिटणीसांनी त्या वर्षी कुठल्याशा जाहिरातीत 'वाळवंटाची सफर' वाचलं होतं. ते दातांचे डॉक्टर, स्वभावाने भिडस्त. त्यांना वाटलं, बसमध्ये बसून काहीतरी बघायचं असेल. ग्लासगोपासून तासाभरावर वाळूची एक बंद पडलेली खाण होती. तिथे कुणीतरी टेकाडं नीट करून, दारात कुंडीत प्लास्टिकचं एक खजुराचं झाड ठेवून वाळवंट तयार केलं होतं. वर बारीक पाऊस पडत होता. आम्ही वीसएक जण छत्र्या, शाली, बटाटेवड्यांचे डबे आणि चहाचे थर्मास घेऊन उतरलो, तर समोर वाळूत पळवायच्या दहा मोटार-बग्ग्या उभ्या. दार नाही, काच नाही, वर लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि आत शेजारी शेजारी दोन सीटा. मंडळाच्या सहलीत पुरुष पुढे, बायका मागे डबे मांडीवर घेऊन, अशी पंचवीस वर्षांची घडी बसलेली. इथे मागे म्हणून काही नव्हतंच. चिटणीसांच्या बायकोने, गाडीत अनोळखी माणसाला विचारावं तसं, नवऱ्याला विचारलं, "इथे कुणी बसलंय का?"

तिथला मुख्य माणूस फौजेतून निवृत्त झालेला, खऱ्या वाळवंटात गाड्या चालवलेला, तांबड्या मिशांचा स्कॉटिश गृहस्थ होता. त्याने पाऊण तास सूचना दिल्या. तेवढ्या वेळात मंडळाने वडे संपवले. एकटी आत्या पुढे उभी राहून ऐकत होती. म्हणजे त्याचं नव्हे, त्याच्या मागे चालू ठेवलेल्या इंजिनचं, असा आपला माझा समज. मग त्याने फॉर्म वाटले. त्यात छापलं होतं, पासष्टच्या वरच्यांनी गाडी चालवू नये, फक्त शेजारी बसावं. आत्याने जन्मतारीख खरी लिहिली, ती ओळ एका रेघेने खोडली, बाजूला सही केली आणि फॉर्म परत दिला.

"मॅडम, हे काय?" तो म्हणाला.

"दुरुस्ती."

"असं खोडता येत नाही."

"तीस वर्षं खोडत आले. त्यातली बरीच माणसं अजून जिवंत आहेत."

तो फौजी होता. मिशीवरून हात फिरवून म्हणाला, "शेजारी बसा, मॅडम. नाहीतर कोणीच निघणार नाही." वीस लोक पावसात ताटकळलेले बघून आत्या माझ्या शेजारी चढली. पट्टा लावताना एवढंच म्हणाली, "कर सुरू, बाळ." मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होतो. माझ्या कोटाच्या आतल्या खिशात वडिलांचं एरोग्राम होतं. सकाळपासून मी चार वेळा तोंड उघडलं होतं आणि चारही वेळा हवामानाविषयी बोललो होतो.

पहिली दोन टेकाडं मी बरी चढलो. तिसऱ्याच्या पायथ्याशी वाळू भुसभुशीत होती, तिथे बग्गी बसली. मी जोर दिला. चाकं जागच्या जागी फिरली, वाळूचा फवारा उडाला, आम्ही आणखी खाली गेलो. मी आणखी जोर दिला.

"गळा दाबतोयस तू तिचा," आत्या म्हणाली.

"आत्या, तो माणूस येईल, ओढून काढेल."

पण तो माणूस पलीकडच्या टोकाला चिटणीसांना ओढून काढत होता. त्यांच्या पत्नी गाडीत बसूनच त्याला चहा देत होत्या. आत्या खाली उतरली. अंबाड्यातला आकडा काढला, वाकली आणि टायरच्या वॉल्व्हवर टेकवला. हवा फुसफुसत बाहेर पडू लागली. तेव्हा मला उमगलं की आम्ही वडे खात असताना त्या फौजी माणसाचं तिने शब्दन् शब्द ऐकलं होतं. मऊ वाळूत टायर मऊ करायचे, म्हणजे ते पसरतात आणि रुतत नाहीत. चाकाशी कान नेऊन, डोळे मिटून ती एकेक टायर ऐकत गेली. चौथा झाला तशी उठली, पांढरे बूट काढून माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "सरक."

"आत्या, फॉर्म..."

"त्याच्यावर सही आहे माझी."

मी सरकलो. मोज्यातल्या पायाने तिने पेडल इतकं हळू दाबलं की मला वाटलं, दाबलंच नाही. बग्गीने एक श्वास घेतला, मग दुसरा, आणि जराही वाळू न उडवता आम्ही वर आलो. मला वाटलं, आता ही थांबेल. आत्याने समोरच्या सगळ्यांत उंच टेकाडाकडे बघितलं, ज्यावर जायचं नाही अशी लाल पाटी होती. पाटी खोडायला पेन नाही म्हणूनच बहुधा, तिने ती तशीच बाजूला ठेवून गाडी वर घातली. खालून मंडळ ओरडत होतं, फौजी शिट्टी वाजवत होता, मी पोटाशी बूट धरून बसलो होतो. आत्या डोकं किंचित तिरपं करून फक्त इंजिन ऐकत होती.

माथ्यावर तिने इंजिन बंद केलं. पाऊस थांबला होता. तिने माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "दे दादाचं पत्र. सकाळपासून छाती चाचपतोयस. आधी वाटलं, हार्टचं काही आहे की काय."

तिने पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. "अक्षर हललंय त्याचं," ती म्हणाली. मग घडी घालून माझ्या खिशात परत ठेवलं. एक शब्दही खोडला नव्हता.

"किल्ली मिळणार नाही," ती म्हणाली. "मान वळत नाही, मला ठाऊक आहे. आजपासून रिव्हर्स बंद. निघताना तोंड रस्त्याकडे, नाहीतर चालत जाईन. आणि ज्या दिवशी इंजिन ऐकू येईनासं होईल, त्या दिवशी मी स्वतः आणून देईन. तोवर तू मागितलीस तर नाही, दादाने मागितली तर मुळीच नाही. मागतच आलाय तो जन्मभर."

खाली उतरल्यावर फौजी माणसाने घसा साफ केला, काहीतरी कडक बोलायच्या तयारीने. मग त्याचं लक्ष टायरांकडे गेलं. त्याने एकेकावर बूट टेकवून दाबून पाहिला आणि मला विचारलं, "ह्या काम काय करायच्या?" मी सांगितलं. तो मान हलवत म्हणाला, "तरीच."

मी किल्ली न घेता परतलो. हिने दारातच माझ्या हातांकडे बघितलं आणि चहा टाकायला गेली. आत्याने शब्द पाळला. त्यानंतर ग्लासगोत तिने ना गुलाब पाडला ना सायकल. गाडी पुढे काढता येईल अशा जागा शोधत ती दुकानापासून अर्धा अर्धा मैल लांब उभी करायची आणि लाकडी बूट वाजवत चालत यायची.

चारेक वर्षांनी एका दुपारी एजवेअरला आमच्या दाराशी ती मरून गाडी उभी राहिली, तोंड रस्त्याकडे करून. चारशे मैल, वाटेत एक मुक्काम, मागे सामानाच्या सहा बॅगा. आत्याने किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. मी काहीतरी म्हणालो. तिने कानाला हात लावून नकारार्थी मान हलवली आणि जरा मोठ्याने म्हणाली, "कमी ऐकू यायला लागलं तशी निघाले. काल वाटेत कार्लाइल गावानंतर येईनाच. दादाला लिही, मागून मिळाली नाही. आणून दिली."

मी लिहिलं. वडिलांचं उत्तर दोन ओळींचं आलं, अक्षर आणखी हललेलं. "ठीक. आता तू चालव. पण तिला मागे बसवू नकोस."

मग शनिवारी मी तिला भाजीला वेम्बलीला नेऊ लागलो. ती शेजारी बसायची. ऐकू काही येत नसे, पण डॅशबोर्डवर तळहात पसरून ठेवायची, पेशंटच्या छातीवर ठेवावा तसा. चढ लागला की दोन बोटं वाजवायची. म्हणजे गिअर बदल. एकदाही चुकली नाही. आता शेजारची सीट रिकामी असते, गाडीही दुसरी आहे आणि तिला गिअर बदलावे लागत नाहीत, ती आपले आपणच बदलते. तरी चढावर माझा डावा हात थोडा उचलला जातो, आणि मी रेडिओ बंद करतो.