चाकांवरच्या घरातली अडगळीची खोली

आमच्या घरी सहलीचा विषय निघाला की बाबांचं काहीतरी निघतं. ऊन सोसत नाही, दाराशी वर्तमानपत्रं साठतात. खरं कारण कुणीच बोलत नाही: बाबांना दर थोड्या वेळानं लघवीला जावं लागतं. निवृत्त झाल्यापासून लग्नाचं आमंत्रणसुद्धा ते कार्यालय किती लांब आहे हे बघून स्वीकारतात. म्हणून ऑफिसातल्या एकानं कॅराव्हॅनचे फोटो पाठवले, ते मी मुद्दाम त्यांना दाखवले. पलंग, ओटा, फ्रिज त्यांनी भराभर सरकवले. संडासाच्या फोटोवर थांबले.

"चालू असते का ही सोय?"

"हो बाबा."

"मग वाईला जाऊन येऊ."

मी त्याच संध्याकाळी गाडी ठरवली. (जाणाऱ्यांसाठी: भाडं दिवसावर असतं, ड्रायव्हर त्यांचा, त्याचं जेवण आपलं. शनिवार-रविवारी दर चढतो, आणि आयटीवाल्यांना सुट्टी नेमकी तेव्हाच असते.)

मग तयारी आईनं हातात घेतली. "गाडीत घर आहे म्हणालीस ना? मग घरात लागतं ते सगळं लागणार." दोन दिवसांसाठी दोन कुकर निघाले, एक वरणभाताचा आणि एक 'असू दे'. पोळपाट, चकल्यांचा डबा, ताम्हनासकट देव. गाद्यासुद्धा, कारण गाडीतल्या गाद्यांवर कोण कोण झोपलं असेल! गाडी सोसायटीच्या फाटकातून आत येईना, त्यामुळे हे सगळं आम्ही रस्त्यापर्यंत वाहून नेलं. पहिल्या मजल्यावरचे देशमुख काका गॅलरीत उभे होते.

"फ्लॅट विकला का?" त्यांनी विचारलं. मदतीला अर्थात आले नाहीत.

गाडीत शिरल्यावर आईनं ओट्याशेजारचं दार उघडलं आणि लगेच लावलं.

"ओट्याला लागून संडास? इथे उभी राहून मी पोळ्या लाटू? मुळीच नाही."

"अगं, पण बाबांना..."

"वाटेत पेट्रोलपंप आहेत."

आणि तिनं त्याची अडगळीची खोली केली. बॅगा, घडीच्या खुर्च्या, तीन बादल्या, छत्र्या, चपलांची पिशवी. निघताना बाबांनी चहा नको म्हटलं, आणि आमच्याकडे ही साधी गोष्ट नाही.

कात्रजच्या नव्या बोगद्यापासून शिरवळपर्यंत रस्ता उत्तम. शिरवळजवळ एका पंपावर थांबलो. बाबा गेले तसे परत आले. स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर जेवायला.

"पुढे बघू," बाबा म्हणाले.

पुढे खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला होता. आम्ही पायथ्याशीच अडकलो.

"किती वेळ लागेल हो?" बाबांनी ड्रायव्हरला विचारलं.

ड्रायव्हर संतोषभाऊ लोणी काळभोरचे, मोकळा माणूस. "काय सांगता येत न्हाई काका. घाट हाय. मागं एकदा पार संध्याकाळ झालती."

एसी चालू असूनही बाबांच्या कपाळावर घाम होता. आईनं त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि ती उठली. खुर्च्या संतोषभाऊंच्या शेजारी गेल्या, बादल्या माझ्या मांडीवर आल्या, आणि चपलांची पिशवी चक्क तिच्या धुतलेल्या चादरीवर.

"जा हो," ती म्हणाली. "कडी नीट लागत नाही. मी उभी आहे इथे."

बाबा बाहेर आले, सावकाश बसले आणि म्हणाले, "चहा मिळेल का?"

आईनं त्याच भिंतीला लागून गॅस पेटवला, आलं ठेचलं. बाबांनी दुसरा कपही मागून घेतला. मांडीवर बादल्या नसत्या, तर मी आईला मिठीच मारली असती.

वाई छान आहे. कृष्णेचा घाट सकाळी लवकर बघा आणि एवढी मोठी गाडी गावात नेऊ नका, वळत नाही. दुसरा कुकर उघडलाच नाही.

रविवारी संध्याकाळी सामान उतरवताना देशमुख काका पुन्हा गॅलरीत.

"झाली हौस?"

"छे, आता कोकणात जायचंय," बाबा म्हणाले. "तुम्हीही चला."

"नको हो. मला ऊन सोसत नाही."

बाबा त्यांच्याकडे जरा बघत राहिले. मग हातातली बादली खाली ठेवून गॅलरीखाली गेले आणि हळूच म्हणाले, "आत सोय आहे."

देशमुख काका कठड्यावरून वाकले.

"चालू असते का?"