टाकून दिलेलं रडणं

एकोणीस वर्षं संकलनाच्या खोलीत मास्तरांच्या मांडीला मांडी लावून बसूनही ते आपल्याला कितीसे कळले, असं कुणी विचारलं असतं तर संकलकाने मान खाली घातली असती. दिग्दर्शक म्हणून मास्तर कसे, हे तो सांगू शकला असता. माणूस म्हणून त्याला दोनच गोष्टी ठाऊक होत्या: चहा बिनसाखरेचा लागतो, आणि एकुलता एक मुलगा गेलेला आहे. त्या मुलाचं नावसुद्धा त्याने कधी विचारलं नाही. धीरच झाला नाही.

"रडणं हे बघणाऱ्याचं काम," मास्तर म्हणायचे. "आपण ते उरकून टाकायचं नाही." म्हणून दृश्य संपलं तरी ते 'कट' म्हणत नसत. संवाद संपलेला नट अवघडून उभा राही, आणि मास्तर तिथूनच बघायला लागत.

शेवटच्या चित्रपटात एक बाप तरुण मुलाला स्मशानात पोचवून घरी येतो. पहिल्या वेळी नट हमसून हमसून रडला. सगळं युनिट डोळे पुसत होतं. मास्तरांनी ते टाकून दिलं. सातव्या वेळी नट पार थकला होता. भिंतीला मुलाचा चार्जर तसाच लावलेला दिसला, त्याने नुसतं बटण बंद केलं.

"हेच," मास्तर म्हणाले.

पुढे मास्तर इस्पितळात पडले. डॉक्टरांनी महिनाच उरल्याचं सांगितलं. इकडे निर्माता संकलकापुढे येऊन बसला.

"यांच्या सिनेमात माणूस मेला हे पाटी लावून सांगावं लागतं हो! ते रडणं घाला, पुढच्या शुक्रवारी लावतो. नाहीतर खाऊ दे धूळ."

मास्तरांच्या डोळ्यांदेखत चित्रपट पडद्यावर यावा, एवढंच संकलकाला हवं होतं. त्याने रडणं घातलं. मास्तरांना विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारच्या खेळाला मास्तर इस्पितळातून परवानगी काढून, काठी टेकत आले. ते दृश्य आलं. आजूबाजूला नाकं ओढली जाऊ लागली. मास्तरांनी एकदाच मान वळवून संकलकाकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघत बसले.

बाहेर पायरीवर संकलक म्हणाला, "मास्तर, चुकलंच. आजच बदलतो."

"राहू दे. रडले की लोक."

शिवी दिली असती तरी चाललं असतं. मास्तर टॅक्सीत बसले.

"पोचलात की फोन करा."

"बघतो. तुम्ही जेवलात का?"

"नाही अजून."

"मग जेवून घ्या."